द्वारकेचे रकाने

मानवी स्मृती आता अमर झाली आहे, असं स्मृतिकेंद्राच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. दार ढकलायचं की ओढायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

आत वृंदाताई खासनीस दोन दिवसांपासून स्वतःच्या नवऱ्याला "आजोबा, बसा ना" म्हणत होत्या. पक्षाघातानंतर त्यांच्या आठवणी साठवलेल्या प्रतीतून मेंदूत परत भरल्या होत्या, पण त्या लग्नापर्यंतच्याच आल्या होत्या.

"काका, तुम्हाला बायका दोन आहेत का?" इंजिनियर शलाकाने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं. "इथं द्वारका वेगळी दिसतेय आणि वृंदा वेगळी."

"एकच आहे हो! लग्नात आम्ही नाव बदललं. ताटातल्या तांदळावर लिहून, अगदी रीतसर."

"मशीनला कुणी कळवलं नाही."

सी या संगणकभाषेतल्या एका जुन्या लायब्ररीने, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचाने, वृंदाच्या आठवणींचे सगळे रकाने द्वारकेकडे हलवता येत होते. अडचण एवढीच, की एकाच नावाचे दोन रकाने भेटले की आधीचा पुसला जाई. 'घर' दोघींकडेही होतं, म्हणून शलाकाने द्वारकेच्या त्या रकान्याचं नाव बदलून 'माहेर' केलं. मग तिने विचारलं, "दोन्ही एकत्र केल्यावर वरती नाव कुठलं ठेवू?"

खासनीस बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"द्वारका. साठ वर्षं आमचं चाललं, आता तिचं चालू दे. मला ओळखलं म्हणजे झालं."

शलाकाने बटण दाबलं. द्वारकाताईंनी डोळे उघडले आणि समोरच्या माणसाला नीट न्याहाळलं.

"अहो, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही."

स्वेटर उलटाच होता.