निळी फीत

खोकायचं कसं, याची ज्येष्ठ नागरिक संघानं आठवडाभर तालीम केली होती. फ्लूची मोठी साथ आली तर काय करायचं, याची सरकारी रंगीत तालीम जिल्हा रुग्णालयात होती आणि खोट्या रुग्णांचं काम संघाला मिळालं होतं. तिथल्या डॉक्टर वैजयंतीचे वडील, अप्पा, तर मफलर गुंडाळूनच आले.

ती रांगेतल्या एकेकाला तपासून मनगटाला फीत बांधत होती. लाल फीत असेल त्याला व्हेंटिलेटर. निळी असेल त्याला पांघरूण, पाणी आणि कोपरा. व्हेंटिलेटर मोजकेच, म्हणून सत्तरीपुढच्या हृदयरोग्याला निळीच, हा नियम राज्याच्या बैठकीत तिनंच सुचवला होता. कुणीतरी सुचवायलाच हवा होता.

अप्पा समोर येऊन इतकं झकास खोकले, की मागची मंडळी हसली. तिचा हात लाल फितीकडं गेला.

"वय?" मुंबईहून आलेल्या निरीक्षकांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर! बायपासही झालीय," अप्पा ऐटीत म्हणाले.

तिनं निळी फीत उचलली. गाठ काही बसेना.

"निळी म्हणजे काय गं?"

ती गाठीशीच झटत राहिली. अप्पांनी कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं संघातले त्यांचे दोस्त निळ्या फिती बांधून, चादरी पांघरून पडले होते. नर्स, डॉक्टर, सगळे त्यांना ओलांडून पुढं जात होते.

अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी मनगट आणखी पुढं केलं.

"बांध, बाळा," ते तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "तालीम आहे तोवर हात बसू दे."