बाबांची हद्द

फोन बोंबलला. “बाबा हद्दीबाहेर गेले आहेत.”

सुनेने मान वर करून पाहिलं. बाबा, म्हणजे तिचे सासरे, समोरच्याच खुर्चीत बसून मटार सोलत होते. थोडे भांड्यात, बाकीचे तोंडात. मनगटावरचं नवं, त्यांचा ठावठिकाणा फोनला कळवणारं घड्याळ इमानेइतबारे लुकलुकत होतं.

लगेच नवऱ्याचा फोन. ऑफिसात त्याच्याही फोनवर तीच बोंब झाली होती.

“बाबा कुठे आहेत?”

“माझ्यासमोर. मटार खातायत.”

“अगं, पण नकाशा म्हणतोय बाहेर गेले!”

“मग नकाशालाच विचार कुठे गेले ते.”

चूक तिचीच होती. नकाशावर हद्द आखायची म्हणजे घराभोवती क्रमाने ठिपके देत फिरायचं; अॅप ते ठिपके रेघेने जोडत जातं. हिने आधी कोपऱ्यावरचं दुकान टिपलं, मग एकदम पलीकडची बाग, मग आठवेल तसं वाचनालय आणि बसथांबा. रेघांनी एकमेकींना फुली मारली, हद्दीचा झाला बो-टाय, आणि दोन त्रिकोणांच्या मधल्या खाचेत नेमकं घरच बाहेर राहिलं. तिने कपाळावर हात मारला, सगळं पुसलं आणि पुन्हा आखायला बसली.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र काही नव्हतं. गेल्या आठवड्यात बाबा दुपारभर बेपत्ता होते. अलीकडे त्यांना माणसांची नावं आठवत नव्हती, जेवलो की नाही हे आठवत नव्हतं. हे घड्याळ बांधताना नवऱ्याने बजावलं होतं, “पुन्हा एकदा जरी असं झालं, तर दाराला बाहेरून कुलूप. मला दुसरा मार्ग दिसत नाही.” तो दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. पण कुलपाआड बसलेले बाबा तिच्याने बघवले नसते.

चारच्या सुमाराला ती वाळलेले कपडे घेऊन आत आली, तर खुर्ची रिकामी. चपला गायब. आणि फोन पुन्हा बोंबलला.

हाताला लागेल ती चप्पल पायात सरकवून ती धावत सुटली. नकाशावर बाबांचा निळा ठिपका पुढे चालला होता. ती धास्तावून बघत होती, पण ठिपका कुठे भरकटेना. सिग्नलपाशी थांबला, रस्ता ओलांडला, बागेच्या भिंतीच्या कडेकडेने गेला आणि पोहण्याच्या तलावाशी जाऊन स्थिरावला. तिने पावलांचा वेग आणखी वाढवला.

फाटकातून ती धापा टाकत आत शिरली. बाबा काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते. पाठीला बाक नाही, हात गुडघ्यांवर. बारक्या पोरांचा कल्ला चालला होता. निवृत्त होईपर्यंत ते याच तलावावर लाइफगार्ड होते.

“बाबा, घरी चला.”

“मध्येच कसा येऊ?” त्यांनी मान वळवली नाही. “पोरं पाण्यात आहेत.”

हल्लीची लाइफगार्ड, एक दांडगी मुलगी, गळ्यातल्या शिट्टीशी खेळत जवळ आली. “बसू द्या हो त्यांना. मी असते ना इथे. खरं सांगू का, पोरं माझ्या शिट्टीला भीक घालत नाहीत. हे नुसते उठून उभे राहिले की सगळी गप्प.”

“रोज येतात?”

“नाही. गेल्या आठवड्यात एकदा आले होते, पाणी रिकामं होईपर्यंत बघत बसले. शेवटचं पोर बाहेर आलं, तेव्हाच उठले.”

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. आवाज चढलेला. “तलावावर? पाण्यापाशी? झालं, संपलं! कुलूप मी आजच आणतो. आणि त्या जागेवर लाल खूण टाक, धोक्याची.”

“टाकते,” ती म्हणाली, आणि बाबांच्या शेजारी फरशीवरच बसली.

कित्येक महिन्यांत तिने बाबांना असं पाहिलं नव्हतं. घरी ते खुर्चीत ठेवलेल्या कपड्यांसारखे दिसत. इथे त्यांचे डोळे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर फिरत होते, एकालाही न चुकवता.

तिने नकाशा उघडला. हद्दीची बागेकडची रेघ बोटाने धरली आणि ओढली. सिग्नलवरून, भिंतीच्या कडेने, पार तलावापर्यंत. गोलमटोल हद्दीला लांबलचक शेपूट फुटलं. दिसायला अगदीच ध्यान, पण बाबांचा ठिपका आत आला. मग तलावावर खूण टाकायला बोट टेकवलं. चित्रं समोर आली: दवाखाना, शाळा, लाल त्रिकोण. ती त्रिकोणावर थबकली. मग तिने यादी आणखी खाली सरकवली.

संध्याकाळी घरी नवऱ्याने कुलूप टेबलावर ठेवलं. ती एवढंच म्हणाली, “उद्याचा दिवस राहू दे. मी त्यांच्या मागोमाग जाईन. मग तू म्हणशील ते.” त्याने बराच वेळ तोंड पाडलं, पण हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाबा चपला घालून निघाले. ती थोडं अंतर ठेवून मागे होती. त्यांनी खुर्ची सरळ केली, बसले, आणि दोन्ही फोन एकदम वाजले.

“बाबा कामावर पोचले आहेत.”

नवऱ्याचा फोन आला.

“अगं,” तो म्हणाला, “सुटतात किती वाजता? येताना मी घेऊन येतो त्यांना.”