वर्लीनची आई

कस्तुरी आणि वर्लीन इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका केअर होममध्ये एकत्र काम करायच्या. वर्लीन मूळची कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावरची. या वर्षीच्या चक्रीवादळात तिच्या आईचं घर वाहून गेलं, नुसतं जोतं उरलं. म्हातारी त्याच जोत्यावर, मदत म्हणून आलेल्या ताडपत्रीखाली राहत होती. दिवसभर इथल्या आजी-आजोबांना भरवून वर्लीन घरी गेली की आईला फोन लावायची. आई रोज एकच म्हणायची, "मी बरी आहे गं. तू जेवलीस का?"

"अगं, आईंना इकडेच घेऊन ये," एक दिवस कस्तुरी म्हणाली. "व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहू देतात. माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात येतात की."

दोघींनी बसून अर्ज भरला. वर्लीनने आपली बेडरूम आईसाठी रिकामी केली, स्वतःचं अंथरूण सोफ्यावर हलवलं. केअर होममधल्या एका आजोबांनी आपल्या बायकोचा लोकरीचा कोट आणून दिला. "थंडी सोसायची नाही त्यांना," ते म्हणाले.

मग एके दिवशी ब्रेकमध्ये वर्लीन हातात फोन धरून नुसतीच बसलेली दिसली.

"काय झालं गं?"

"व्हिसा नाकारला."

"अगं, पण का?"

वर्लीनने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.



"आई परत जाईल असं त्यांना वाटत नाही. म्हणे, तिकडे तिला घरच नाही."