अंतराळातला घास

"ताजं मांस अंतराळात नेलं तर नासणार. म्हणून आधी त्यातलं पाणी काढतात. हलकंही होतं, आणि कितीही दिवस टिकतं," असं म्हणत अस्रात सरांनी त्यांच्या आईने घरी दोरीवर वाळवलेल्या मांसाचे तुकडे पिशवीतून काढले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. लालिबेलाच्या शाळेतला तिसरीचा वर्ग एकदम गप्प झाला. पोरं भारावली, असं सरांना वाटलं. "तिकडे ताट-वाटी तरंगत जाते, तेव्हा घास थेट तोंडात. चला, आ करा." प्रत्येक बाकापाशी जाऊन त्यांनी एकेकाला आपल्या हाताने तुकडा भरवला. "कसं लागलं?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. "अरे, अंतराळवीरांचं जेवण जेवलात, आणि तोंडं अशी काय?" मागच्या बाकावरचा वोर्कू चाचरत म्हणाला, "सर, आज शुक्रवार." आणखी एक तुकडा तोंडाकडे नेणारा सरांचा हात तिथेच थांबला. शुक्रवारी उपास, गावात वशाटाला कुणी शिवत नाही. राजधानीत, अदिसला शिकायला गेल्यापासून त्यांना उपासाचे वार लक्षातच राहत नव्हते. "मग खाल्लंत कशाला? सांगायचं होतं." "तुमच्या हातचा घास, सर," वोर्कू खाली बघत म्हणाला. "भरवलेल्या घासाला नको कसं म्हणायचं?" सरांना वर्गाकडे बघवेना. मान खाली घातली, तर समोर पहिल्या बाकावरच्या छोट्या झेनेबेचचा गाल अजून फुगलेलाच होता. सरांनी तिच्यापुढे हात धरला. "थुंक, बाळ." तिने अख्खा तुकडा अलगद त्यांच्या तळहातावर ठेवला. "उद्या खाते, सर," ती म्हणाली. "टिकतं ना हे?"