दोन इंच

जाड तळाचे नवे बूट देवदत्तने नाइलाजाने दाराबाहेर काढले आणि मोज्यांवर आत आला. महानगरातल्या त्या दिवाणखान्यात आधी पोहे आले, मागोमाग विनीता आली, आणि मुलगी त्याला बघताक्षणी आवडली. पण स्थळ आणणाऱ्या सुलभामावशींनी वाटेतच बजावलं होतं, की मुलगा पसंत नसला तर विनीता सरळ त्याच्या पुढ्यातली बशी उचलते, पोहे संपले असोत वा नसोत. आजवर बऱ्याच बशा उचलल्या गेल्या होत्या. देवदत्तने आपली बशी घट्ट धरून ठेवली.

त्याच्या आईने लेकाचं कौतुक सुरू केलं. ऑनलाइन कुर्ते घेणाऱ्या बायकांचा इंटरनेटवर एक मोठा ग्रुप होता. त्यांच्यासाठी त्याने छोटंसं टूल बनवलं होतं. कंबरेचं माप टाकायचं, कुठला साइज मागवायचा ते टूल सांगणार. कपडे परत पाठवणं जवळजवळ थांबलं होतं, बायका त्याला दुवा देत होत्या. आईला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. कंबर सांगताना बायका हात आखडता घेतात हे ओळखून हा पठ्ठ्या प्रत्येकीच्या मापात गुपचूप दोन इंच वाढवत होता. तक्रार करणारी एकच होती. सगळंच ढगळ येतं म्हणे. तिला त्याने दर वेळी एकच उत्तर पाठवलं होतं, टेप नीट धरा.

विनीताने शांतपणे ऐकून घेतलं. मग अंगातल्या कुर्त्याची बाजू चिमटीत धरली. आत आणखी एक विनीता मावली असती.

"हा तुमच्याच टूलने सांगितलेला साइज," ती म्हणाली. "टेप मी नीटच धरते."

देवदत्तला ठसका लागला. मोठी माणसं गच्चीवरच्या कुंड्या बघायला गेली, तेव्हा त्याने दोन इंचांचं सगळं कबूल केलं. वर स्वतःची बाजूही मांडली, की सगळेच थोडंफार खोटं सांगतात, त्याला तो काय करणार.

"अच्छा," विनीता म्हणाली. "जरा उभे राहा."

बशी खाली ठेवून तो उभा राहिला. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि थोडं खाली बघत म्हणाली, "मी पाच फूट सात इंच. मावशी म्हणाल्या, तुम्ही पाच आठ. ही उंचीपण टूलमधूनच काढलीत का?"

मावशींना तो आकडा त्यानेच सांगितला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाच सहा," तो कसाबसा म्हणाला.

विनीताने बशी उचलली आणि ती आत निघून गेली. संपलं सगळं. देवदत्त मान खाली घालून दाराशी गेला, बुटांसाठी वाकला.

"बूट राहू द्या," स्वयंपाकघरातून विनीताचा आवाज आला. "असेच ठीक आहात तुम्ही. पोहे आणखी घेणार?"