अंगणातले धोंडे

"ही पाटी आत्ताच्या आत्ता उखडा!" एवस्तोलिया ओरडली आणि झेंडूची टोपली तिने नगराध्यक्षांच्या पायाशी आपटली.

छप्पर कोसळलेल्या जुन्या चर्चच्या अंगणात फीत बांधलेली, बँड तयार. 'आपला वारसा' म्हणून भलीमोठी पाटी आणि तिच्याखाली दगडांचा नवा चौथरा. सिमेंट अजून ओलसर होतं.

दगड कुठून आले ते विचारायलाच नको. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पाद्री गावच्या दफनभूमीत जागा देत नसत. आया त्यांना इथे पुरायच्या. वर खूण म्हणून नदीतला धोंडा, बाळाच्या वजनाचा, हातात तोलून आणलेला. गाव मका काढायला रानात गेलं, तेवढ्यात यांनी अंगण साफ करून टाकलं. मेल्यांना लाज कशी ती नाही! आणि आजच तर, गेलेली लेकरं वर्षातून एकदा घरी येतात तो दिवस. आता फुलं कुठे ठेवायची, हाक कुठे मारायची?

"बाई, नुसते गोटे होते ते," नगराध्यक्ष ओतोनिएल हसत म्हणाले. "निदान कामाला तरी आले. पाहुणे येताहेत, उगाच तमाशा नको."

"तमाशा तुम्ही मांडलाय! पोरांच्या उरावर पाटी रोवता आणि वर बँड वाजवता?"

शेजारच्या नीकानोराने मागून पहार पुढे केली. तिची मुलगीही त्या चौथऱ्यात होती. पोलीस शिपाई आडवा आला, तशी गर्दीतून त्याची म्हातारी आई कडाडली, "लाव हात, लाव बघू! तुझा थोरला भाऊ आहे त्यात!"

शिपाई बाजूला झाला.

एवस्तोलियाने पहार घातली. पहिला धोंडा निघाला. तिने तो उचलून छातीशी धरला. "हा माझा नाही. जड आहे." तिने तो मागच्या बाईच्या हाती दिला. दुसराही दिला. तिसरा उचलला, हातात तोलला, पण तो कुणाला दिला नाही. मग शालीच्या टोकाने त्याच्यावरचं सिमेंट पुसत राहिली.

"सगळे सारखेच तर दिसतात," नगराध्यक्ष वैतागून म्हणाले. "ओळखता तरी कसे?"

तिने तो धोंडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कसाबसा एका हाताने पोटाशी दाबला.

"असं नाही धरायचं," ती म्हणाली. "डोकं सांभाळा."