निळ्या गाडीतला माणूस

"आज तेवढं एक टाळा," पाद्री क्लाइव्ह हळूच जोनच्या कानाशी लागून म्हणाले. "राजासाठी प्रार्थना करा, शेतांसाठी करा, शाळेच्या कोंबड्यांसाठी करा. पण तो निळ्या गाडीतला माणूस आज नको."

"मुलांना बजावून ठेवलंय मी," जोन म्हणाली.

जोन टेटलो एका खेड्यातल्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळा चर्चची, मुलं मोजकी, आणि आज तपासणी. गणित-वाचनाची नव्हे. शाळा ख्रिस्ताचं नाव लावते, तशी वागते का, याची. निकाल वाईट लागला तर शाळेला कुलूप लावून मुलं शहरात पाठवायची, हे वरून स्पष्ट सांगितलं होतं. जोनचा जीव टांगणीला लागला होता.

यायचे होते ते तपासनीस ऐनवेळी आजारी पडले. त्यांच्या जागी मिसेस मेरिक आल्या. साठीच्या, करड्या कोटातल्या, अगदी कमी बोलणाऱ्या. चहा नको म्हणाल्या, बिस्किट नको म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दारात मात्र थबकल्या. आत खुंटीवर फुलाफुलांचा एप्रन टांगलेला होता.

"हा त्यांचा?"

"ऑलिव्ह ऑर्टनचा. मुलांचं जेवण त्या करायच्या. मागच्या हिवाळ्यात गेल्या. तो एप्रन काढायला कुणाचा हातच धजत नाही."

मिसेस मेरिक एप्रनकडे बघतच राहिल्या. घ्या, सुरुवातीलाच पसारा दिसला यांना, असं जोनच्या मनात आलं आणि तिने दार हळूच लोटून घेतलं.

प्रार्थनेला सगळी शाळा जमिनीवर बसली. मेणबत्ती लावायची पाळी मेबल ऑर्टनची होती. ऑलिव्हची नात, पुढचे दोन दात पडलेली. मेणबत्ती जो लावेल त्याने आज कुणासाठी प्रार्थना ते सांगायचं, अशी इथली रीत. मेबलने वात पेटवली आणि ती जोनकडे वळली.

"मिस, आज त्याच्यासाठी नको म्हणालात तुम्ही. पण आज तपासणी आहे हे त्याला कसं कळणार? तो बिचारा वाट बघत बसेल."

पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले. प्रार्थनेसाठी नव्हे.

"निळ्या गाडीतल्या माणसासाठी," मेबल म्हणाली.

आणि सगळे गप्प झाले. एरवी कोपराने ढोसणारी, नाक ओढणारी, बुटाचे बंद सोडणारी पोरं. एकही जण हलला नाही. बाहेर पन्हळीतून पाणी ठिबकत होतं, ते आत ऐकू येत होतं. जोन हे रोज बघायची आणि रोज तिच्या अंगावर काटा यायचा. आजही आला. शाळेचं काय व्हायचं ते होवो, पण हे खरं आहे, असं तिला वाटून गेलं.

मिसेस मेरिक मान खाली घालून बसल्या होत्या. सगळे उठले तरी त्या उठल्या नाहीत.

जेवायला त्या मुलांच्या टेबलावर बसल्या, मेबल आणि ओटिसच्या मध्ये. जोन वाढायच्या निमित्ताने मागेच घुटमळत राहिली.

"हा माणूस कोण गं?"

"माझ्या आजीला गाडीने उडवलं ना, तो. दारू प्यायला होता. आता तुरुंगात आहे."

"आजीसाठी नाही करत प्रार्थना?"

"आजी देवाकडे आहे. तिचं मस्त चाललंय. याचं तुरुंगात कोण आहे?"

"तुला राग नाही येत त्याचा?"

"येतो ना. सोमवारी तर खूप येतो. सोमवारी आजी जॅमचा केक करायची. त्या दिवशी मेणबत्ती ओटिस लावतो. मी नुसती बसते."

"तुरुंगात कस्टर्ड देतात का हो?" ओटिसने विचारलं.

"गुरुवारी देतात," मिसेस मेरिक म्हणाल्या. "पण गार. वर साय धरलेली."

"शी," ओटिस म्हणाला. जोनला हसू आलं. बाई दिसते तितकी कडक नाही म्हणायची.

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही," मेबल म्हणाली. "मिस सांगत नाहीत. म्हणतात, नाव कळलं की शिव्या घालायला सोपं जातं. आणि देवाला माहीत आहे ना."

मिसेस मेरिकांच्या ताटातलं अन्न तसंच राहिलं.

शाळा सुटायच्या सुमारास त्या जोनच्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

"निकाल मी देऊ शकत नाही. दुसरं कुणीतरी येईल, मी तसं कळवते."

जोन खुर्चीतून उठली. "त्या प्रार्थनेमुळे का? मुलीला मी सांगितलं होतं..."

"तिला काही बोलू नका. अशी प्रार्थना मी कुठे ऐकली नाही, आणि चर्चच्या शाळा हिंडण्यात माझा जन्म गेलाय." मिसेस मेरिक कोटाची बटणं लावत होत्या, एक सोडून दुसऱ्याच काजात. "शाळेशी ज्याचा संबंध आहे त्याने ती तपासायची नाही, असा आमचा नियम आहे. मी यायलाच नको होतं."

"तुमचा काय संबंध आमच्या शाळेशी?"

खिडकीबाहेर मेबल कोंबड्यांना दाणे टाकत होती. मिसेस मेरिक तिच्याकडे बघत राहिल्या.

"त्याचं नाव सांगितलं तर चालेल का, ते तिला आधी विचारा," त्या म्हणाल्या. "चालेल म्हणाली तर सांगा, नेड. घरी आम्ही त्याला नेडच म्हणतो."